जुना लेथ (धातू कातायचं यंत्र) घेतलाय, जॉब टेपर येतोय, म्हणजे एका टोकाला जाड. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीतलं एक वर्कशॉप बंद झालं, तिथून साडेचार फुटी बटाला (पंजाब) बनावटीचा लेथ उचलला. मी टर्नर नाही, नोकरी अकाउंट्सची. घरचे हसतायत, हसू देत.

ग्रीसचा थर रॉकेलने धुतला, गिअर बॉक्सचं तेल बदललं. चकजवळ (जॉब पकडणारा जबडा) बेड, म्हणजे खालचा लांब पाया, झिजलाय. नख फिरवलं की काठ लागतो. क्रॉस स्लाइडचं (हत्यार आडवं पुढे-मागे नेणारा भाग) हँडल उलटं फिरवलं की जवळपास पाव फेरा रिकामा जातो.

खरी अडचण पुढे. 25 मिमीचा एमएस (साधं पोलाद) बार चकमध्ये धरला, 150 मिमी बाहेर, टेलस्टॉक (मोकळ्या टोकाचा आधार) न लावता. हलका कट मारला तरी चकजवळ 24.50 आणि मोकळ्या टोकाला 24.62 येतंय. बार दाबाने मागे सरकतोय, बेडला पीळ आहे, की हेडस्टॉकच (चक फिरवणारा भाग) हललाय? आधी काय तपासू? लेव्हल गवंड्याचीच लावलीय (हसू नका), 0.02 मिमी प्रति मीटर वाली भाड्याने मिळते का कुठे?

दुसरं, मोटर 2 एचपी थ्री फेज, घरी सिंगल फेज. व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज देणारा ड्राइव्ह) लावायचा म्हणतोय, पण मोटरच्या डब्यात तीनच वायरी आहेत. त्याच्या कमी व्होल्टेजवर चालवायला वाइंडिंगची जोडणी स्टारची डेल्टा करायची, तर आतला स्टार जोड उघडावा लागेल ना? वाइंडिंगवाल्याकडे नेऊ, की सरळ सिंगल फेज मोटरच बसवू?

चकची चावी मात्र काढल्याशिवाय स्विचला हात लावत नाही, एवढं शिकलोय.