तिसरा स्क्रीन लावला की दुसरा जातो – शनिवारच्या आत सोडवायचंय

प्रेषक: ताई (कार्यक्रम समिती)
गुरुवार, सकाळी ७.५०

मंडळी, नमस्कार.

काल रात्री भाऊ आणि मी हॉलवरच्या डेल ऑप्टिप्लेक्स कॉम्प्युटरला तिन्ही स्क्रीन जोडून पाहिले. जुना मॉनिटर व्हीजीएला, प्रोजेक्टर एका डिस्प्लेपोर्टला, गायकांच्या पुढ्यात ठेवायचा टीव्ही दुसऱ्या डिस्प्लेपोर्टला. दोन्ही डिस्प्लेपोर्टना एचडीएमआयचे अडॅप्टर लावलेत, फोटो जोडलाय. कोणतेही दोन छान चालतात. तिसरा चालू करायला गेलं की आधीच्यांपैकी एक काळा होतो. विंडोजला तिन्ही दिसतात, एक-दोन-तीन आकडेही येतात, पण तिसऱ्यावर डेस्कटॉप वाढवायला सांगितलं की बदल टिकत नाही. केबल बदलून झाल्या, टीव्हीही बदलून झाला.

शनिवारी रंगीत तालीम आहे. गायकांनी हातात वह्या घेऊन बसायचं नाही हे बैठकीत ठरलेलं आहे. स्टेजवरच्या उजेडात माईंना वही दिसत नाही. प्रोजेक्टरवर फोटो आणि रागाची-कवीची माहिती, टीव्हीवर फक्त शब्द, चालवणाऱ्यासमोर पुढची स्लाइड. तीन स्क्रीन लागणारच. कोणाला काही सुचतंय का?

– ताई

---

प्रेषक: भाऊ
गुरुवार, सकाळी ८.१५

मशीन २०१२ च्या सुमाराचं आहे. आतलं ग्राफिक्स इंटेल एचडी २५००, त्याच्याकडून यापेक्षा जास्त होणार नाही. एक जीटी ७१० ग्राफिक्स कार्ड टाकू या. १९ वॅटचं कार्ड आहे, वेगळी पॉवर केबल लागत नाही, आणि आपला पॉवर सप्लाय २४० वॅटचा आहे म्हणजे त्या बाजूनं काळजी नाही. दोन स्क्रीन कार्डावर, एक मदरबोर्डवर. उद्या ऑफिसमधून येताना घेऊन येतो.

---

प्रेषक: अप्पा (खजिनदार)
गुरुवार, सकाळी ९.०५

भाऊ, ७५ डॉलरच्या आतलं असेल तर पावती पाठवा, मंजूर करतो. पण मंडळाच्या मशीनचं झाकण समितीला कळवल्याशिवाय उघडू नये ही विनंती. मेमरीच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल.

आणि एक मूलभूत प्रश्न. घरोघरी लॅपटॉप असताना आपण याच डब्यामागे का लागलो आहोत?

---

प्रेषक: शाळेचे सर
गुरुवार, सकाळी ९.४०

अप्पा, कारण गाण्यांचे शब्द श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहेत. ग्रंथालयवाल्या काकूंनी वर्षानुवर्षं टाइप केलेल्या भूपाळ्या, अभंग, नाट्यपदं, सगळं त्याच मशीनवर, त्याच फॉन्टमध्ये. माझ्या लॅपटॉपवर ती फाइल उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची रांग येते. युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही मशीनवर नीट दिसेल अशा रूपात, आणायचं काम शाळेच्या सुट्टीत करायचं ठरलंय, पण ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं तपासल्याशिवाय ते गायकांपुढे ठेवता येणार नाही. चुकीचा शब्द समोर आला तर गाणारा तोच गातो.

---

प्रेषक: माई
गुरुवार, सकाळी १०.२०

सर, तुमचं खरं आहे. पण माझं मत सांगते. भैरवी तरी पाठच असावी. आमच्या बाई समोर कागद ठेवूच द्यायच्या नाहीत. शब्द पाठ असले की डोळे मोकळे राहतात, तबल्याकडे बघता येतं. टीव्हीकडे बघत गायलं की समेवर येताना मान तिकडे वळलेली असते. नव्या मुलींना मी हेच सांगते आहे.

टीव्ही ठेवायचाच असेल तर खाली ठेवा, पेटीच्या डाव्या हाताला. आणि अक्षरं पिवळी नकोत, काळ्यावर पांढरी करा.

---

प्रेषक: दादा (ध्वनी)
गुरुवार, दुपारी १२.३०

ताई, माझ्याकडे एचडीएमआय स्प्लिटर आहे, एक आत दोन बाहेर. प्रोजेक्टर आणि टीव्ही दोन्ही त्यावर लावा, मशीनला दोनच स्क्रीन वाटतील. आत्ता आणून देतो.

---

प्रेषक: ताई (कार्यक्रम समिती)
गुरुवार, दुपारी १२.४५

दादा, स्प्लिटरनं दोन्हीकडे एकच चित्र जाईल. आरतीच्या वेळी ते चालेल, तेव्हा सगळ्यांनाच शब्द हवे असतात. पण बाकी कार्यक्रमात श्रोत्यांना फोटो आणि गायकांना शब्द, अशी वेगवेगळी चित्रं हवी आहेत.

माई, टीव्ही डाव्या हाताला ठेवते. अक्षरं पांढरी केली.

---

प्रेषक: नाना
गुरुवार, संध्याकाळी ६.१०

ताई, भाऊ,

कार्ड घ्यायची गरज नाही. मशीन तीन स्क्रीन चालवू शकतं. अडचण डिस्प्लेपोर्टला लावलेल्या अडॅप्टरमध्ये आहे.

ऑप्टिप्लेक्स ७०१० ला मागे एक व्हीजीए आणि दोन डिस्प्लेपोर्ट आहेत. आतली चिप इंटेलच्या तिसऱ्या पिढीची, आयव्ही ब्रिज. त्याआधीची सँडी ब्रिज दोनच स्क्रीन चालवायची, तिसऱ्या स्क्रीनची सोय आयव्ही ब्रिजपासून आली. पण एक अट राहिली: स्क्रीनना ठेका देणारी घड्याळं आत दोनच आहेत. व्हीजीएला स्वतःचं एक घड्याळ लागतं. एचडीएमआय किंवा डीव्हीआय सिग्नललाही स्वतःचं लागतं. डिस्प्लेपोर्टचा सिग्नल मात्र ठरलेल्या वेगानंच जातो, म्हणून दोन डिस्प्लेपोर्ट एकाच घड्याळावर चालतात. दोन गाणी एकाच लयीत असतील तर एक तबलजी पुरतो, तसं समजा.

तुम्ही लावलेले अडॅप्टर पॅसिव्ह आहेत, फोटोत दिसतंय. पॅसिव्ह अडॅप्टर स्वतः काही रूपांतर करत नाही, तो कॉम्प्युटरलाच सांगतो की या पोर्टातून एचडीएमआय सिग्नल सोड. म्हणजे एक व्हीजीए आणि दोन एचडीएमआय झाले, तीन घड्याळं हवी आणि आहेत दोन. म्हणून कोणतेही दोन चालतात आणि तिसरा लावला की एक जातो.

ॲक्टिव्ह अडॅप्टरमध्ये रूपांतर करणारी चिप असते. कॉम्प्युटरच्या दृष्टीनं तो शेवटपर्यंत डिस्प्लेपोर्टच राहतो. पाकिटावर 'ॲक्टिव्ह' असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या. दुकानात मला एकदा ठासून सांगितलं होतं की सगळे अडॅप्टर सारखेच. ते सारखे नसतात.

भाऊ, कार्डाबद्दल. पॉवरचं तुमचं गणित बरोबर आहे. पण आपली कॅबिनेट छोटी आहे, अर्ध्या उंचीची पट्टी असलेलंच कार्ड बसेल. शिवाय कार्ड टाकलं की डेलमध्ये मदरबोर्डवरचे पोर्ट बंद होऊ शकतात. चालू करताना एफ२ दाबून सेटअपमध्ये जाऊन व्हिडिओखालचं मल्टी-डिस्प्ले सुरू करावं लागतं. तालमीच्या आदल्या रात्री हे सगळं काढू नये असं मला वाटतं.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मशीन जुळवायचो त्या काळात, १९९९ मध्ये, मॅट्रॉक्सचं जी४०० ग्राफिक्स कार्ड आलं. एका कार्डावर दोन मॉनिटर. डीटीपीवाले, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावणारे, लांबून बघायला यायचे. एकीकडे पान, दुसरीकडे मजकूर. तेव्हापासून एक शिकलोय, आधी पोर्ट बघायचे, मग चिप बघायची, खरेदी त्यानंतर.

– नाना

---

प्रेषक: भाऊ
गुरुवार, रात्री ८.२०

नाना, घड्याळांचं पटलं. मग एकच ॲक्टिव्ह घेतला तर पुरेल ना? माझ्या जुन्या रेडिऑन कार्डाला तीन मॉनिटर असेच लावले होते. दोन साधे, तिसऱ्याला एक ॲक्टिव्ह, आणि ते अजून चालतात.

---

प्रेषक: नाना
गुरुवार, रात्री ८.५५

रेडिऑनवर एक पुरतो, कारण तिथे दोन घड्याळांवर दोन जुन्या पद्धतीचे सिग्नल आणि तिसरा डिस्प्लेपोर्ट वेगळ्या घड्याळावर अशी रचना आहे. इथे डिस्प्लेपोर्टलाही त्या दोनांतलंच एक लागतं. एक ॲक्टिव्ह आणि एक पॅसिव्ह ठेवलात तर व्हीजीए एक, एचडीएमआय एक आणि डिस्प्लेपोर्ट एक, पुन्हा तीनच. दोन्ही ॲक्टिव्हच हवेत. किंवा टीव्हीच्या जागी ज्याला स्वतःचं डिस्प्लेपोर्ट आहे असा मॉनिटर लावा, तर एक अडॅप्टर वाचेल.

---

प्रेषक: अप्पा (खजिनदार)
गुरुवार, रात्री ९.१०

दोन ॲक्टिव्ह अडॅप्टर मंजूर. पावती मंडळाच्या नावानं घ्यावी.

मात्र वार्षिक सभेत मी हा विषय मांडणार आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. या मशीनवर अधिकृतपणे विंडोज ११ चढत नाही, त्यासाठी इंटेलची किमान आठवी पिढी लागते आणि हे तिसरीतलं आहे. त्याच मशीनवरून सभासदांची यादी उघडणं मला योग्य वाटत नाही.

---

प्रेषक: शाळेचे सर
गुरुवार, रात्री ९.३५

अप्पा, यादीपुरतं मान्य. ती आजच त्यावरून काढू या आणि नेटची केबलही काढून ठेवू या. पण मशीन मोडीत काढायचं बोलू नका. युनिकोडचं काम संपेपर्यंत काकूंचे फॉन्ट उघडणारं ते एकमेव यंत्र आहे. फाइलींची प्रत दोन वेगळ्या ड्राइव्हवर घेतली आहे, शिवाय सगळी गाणी पीडीएफ करून ठेवतो आहे, म्हणजे निदान दाखवण्यापुरतं कोणत्याही मशीनवर चालेल.

---

प्रेषक: दादा (ध्वनी)
शुक्रवार, सकाळी ७.३०

सर, पीडीएफ केलेत तर मग लॅपटॉपवरूनच का नको?

---

प्रेषक: शाळेचे सर
शुक्रवार, सकाळी ७.४५

तालमीत माई कडवं बदलतात म्हणून. मूळ फाइल तिथल्या तिथे दुरुस्त करता आली पाहिजे.

---

प्रेषक: ताई (कार्यक्रम समिती)
शुक्रवार, रात्री १०.४०

तिन्ही चालले!

भाऊंनी दोन ॲक्टिव्ह अडॅप्टर आणले. सगळं बंद करून जोडलं, स्क्रीन आधी आणि मशीन मग चालू केलं. मग विंडोज आणि पी एकदम दाबून 'एक्स्टेंड'. तिसरा लगेच उजळला आणि बाकीचे दोन तसेच राहिले. नाना, मनापासून आभार.

शनिवारी चालवणाऱ्यांसाठी: डिस्प्ले सेटिंगमधले चौकोन मी स्टेजप्रमाणे लावले आहेत. टीव्ही डावीकडे, आपला मॉनिटर मध्ये, प्रोजेक्टर उजवीकडे. माउस त्याच दिशेनं जातो, कोणीही क्रम बदलू नये. पॉवरपॉइंटचा स्लाइड शो प्रोजेक्टरवर आणि प्रेझेंटर व्ह्यू आपल्यासमोर. शब्दांची फाइल वेगळी उघडून टीव्हीवर ओढायची, ती पॉवरपॉइंटबरोबर आपोआप पुढे जात नाही. त्यासाठी एक माणूस स्वतंत्र लागेल, ज्याला गाणी माहीत आहेत असा.

एक गोष्ट मात्र झाली. तानपुरा लावला आणि आवाज स्पीकरमधून न येता प्रोजेक्टरमधून आला.

---

प्रेषक: दादा (ध्वनी)
शुक्रवार, रात्री १०.५५

एचडीएमआयवर स्क्रीन जोडला की विंडोज बऱ्याचदा आवाजही तिकडेच वळवतं. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात वेळ दिसते, तिच्याशेजारच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून आउटपुट पुन्हा हेडफोन जॅकवर आणा. मिक्सरला तिथूनच केबल आहे. अडॅप्टर काढून पुन्हा घातला की परत तपासायचं. तालमीआधी मी येऊन बघतो, तोवर मिक्सरच्या केबलना कृपया कोणी हात लावू नये.

---

प्रेषक: माई
शनिवार, सकाळी ६.४०

शब्द पुढे सरकवायला मी माझ्या नातीला बसवते. तिला सगळी पदं पाठ आहेत. भैरवीच्या वेळी टीव्ही बंद ठेवा.