मालिकेतलं मरण आणि आपल्या घरातलं बोलणं: अनुभव लिहा

गेल्या महिन्यात इंदूरला आईकडे होते. संध्याकाळी सातची मालिका लागली होती. आजोबा आयसीयूत, तोंडाला नळी, तरी केस विंचरलेले. नळी निघाली, मुला-सुनांना एकेक वाक्य सांगून झालं आणि त्यांनी मान टाकली. आई म्हणाली, "मला असं नळ्यांवर ठेवू नका गं." मी म्हटलं, "तिन्हीसांजेला कसलं अभद्र बोलतेस!" ती गप्प झाली आणि मलाच रात्रभर झोप लागली नाही.

मालिकेमुळे तुमच्या घरी असा विषय कधी निघाला का? पुढे काय झालं? सविस्तर लिहा.

सुदामानगर, आयसीयूत नर्स
व्हेंटिलेटरची नळी स्वरतंतूंमधून जाते, त्यामुळे ती असताना आवाजच फुटत नाही. आणि शेवटच्या दिवसांत बहुतेक पेशंट गुंगीत असतात. नातेवाईक मात्र "काही बोलले का?" म्हणून दाराशी ताटकळतात. ते बघवत नाही. मॉनिटरवर सरळ रेघ आली की मालिकेत शॉक देतात. खरं तर तेव्हा शॉकचा उपयोग नसतो, छाती दाबतात आणि इंजेक्शन देतात. 1996 साली अमेरिकेत टीव्ही मालिकांचा अभ्यास झाला होता. त्यांत छाती दाबल्यावर 75 टक्के पेशंट त्या वेळेपुरते तरी वाचत होते. प्रत्यक्षात त्याहून कितीतरी कमी वाचतात. मग घरच्यांना वाटतं, आपल्याच माणसाच्या वेळी कुणीतरी कसूर केली.

रामबाग
'क्योंकि सास भी कभी बहू थी' 2000 साली सुरू झाली. तिचा नायक मिहिर गेला तेव्हा आमच्याकडे खरंच सुतक असल्यासारखं वातावरण होतं. मग तो परत आला. पुढे आमचे आजोबा गेले. माझा भाऊ सहा वर्षांचा, तेराव्यापर्यंत जिन्यात बसायचा. "मिहिर आला ना परत?" त्याला नीट काय ते सांगायला कुणाचीच जीभ रेटली नाही. मला याचं आजही वाईट वाटतं.

तिलकनगर
आजीने नेत्रदानाचं आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून रात्री अडीचला गोंधळ झाला नाही. पंखा बंद केला, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवला, डोक्याखाली उशी दिली, नेत्रपेढीला फोन केला. सहा तासांच्या आत व्हावं लागतं. एखाद्या मालिकेत कुणी तो पंखा बंद करताना दाखवा हो!

राजेंद्रनगर
बाबांनी लिव्हिंग विल केलं, म्हणजे शेवटी नळ्या-यंत्रांवर ठेवू नका हे आधीच लिहून ठेवलं. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये त्याला मान्यता दिली. 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो, मॅजिस्ट्रेटकडे जावं लागत नाही. कागद तासाभरात झाला. आईला तयार करायला आठ महिने लागले.

धागाकर्ती
नर्सताईंचं वाचून आईला फोन केला. म्हटलं, त्या दिवशीचं तुझं बोलणं अर्धंच राहिलं, आता पूर्ण कर. बराच वेळ बोलली. म्हणाली, "गंगाजळ आणि तुळशीपत्र तूच ठेव. नळी असली तर कुठे ठेवशील, म्हणून म्हणत होते."