फॉर्मचे तीन टप्पे, रिपोर्टात पान एकच

दिवाळी फराळाच्या ऑर्डरींची आमची छोटी साइट आहे. फॉर्म तीन टप्प्यांचा, तिन्हींचा वेब-पत्ता एकच. गिऱ्हाईक चकली निवडताना अडतं की पैसे भरताना पळतं, कळत नाही. साइटवरची ये-जा मोजणाऱ्या गूगल अ‍ॅनालिटिक्सच्या जुन्या असिंक्रोनस कोडात ट्रॅकपेजव्ह्यूला (पान पाहिल्याची नोंद पाठवणाऱ्या आज्ञेला) ‘/फराळ/टप्पा-२’ असं नाव दिलं की भागायचं. जीए४ मध्ये, म्हणजे त्याच्या नव्या आवृत्तीत, तसंच करायला गेले, तर पहिलं पान दोनदा मोजलं जातंय.

> दोनदा येणारच, ताई. जीए४ सुरू करणारी कॉन्फिगची ओळ स्वतःच एक पेजव्ह्यू (पान पाहिल्याची नोंद) पाठवते. तिथे ‘सेंड पेज व्ह्यू’ फॉल्स (म्हणजे बंद) करा आणि प्रत्येक टप्प्यावर पेजव्ह्यूचा इव्हेंट हाताने पाठवा. त्यातल्या पेज लोकेशनमध्ये (पानाच्या पत्त्याच्या रकान्यात) एचटीटीपीएससकट अख्खा पत्ता द्या, नुसता स्लॅशचा तुकडा नको.

> जुना कोड अजून पानात असेल तर काढाच. साध्या खात्यांची मोजणी १ जुलै २०२३ पासून बंद आहे. (तो होता मात्र झकास! साधा अ‍ॅरे (यादी), गूगलची फाइल येईपर्यंत सगळ्या आज्ञा गुपचूप रांगेत.)

केलं, आकडे जुळले! पैसे भरताना कुणीच पळत नाही हो. सगळे पिनकोडच्या चौकटीत अडकतात. मध्ये स्पेस दिली की आमचा फॉर्म चुकीचा म्हणतो.