मदत हवी आहे: वजन उतरवण्याच्या बायपासची तारीख २० दिवसांवर आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) ७. ऑपरेशन पुढे ढकलू का?

नमस्कार मंडळी. मी नागपूरची, वय ४३, शाळेत शिकवते. वजन १०६ किलो, उंची पाच फूट दोन इंच. आठ वर्षांपासून शुगर आहे आणि छातीतली जळजळही आहे, त्यामुळे डॉक्टरांनी स्लीव्हऐवजी (त्यात नुसतं जठर लहान करतात) गॅस्ट्रिक बायपास सुचवलं. तारीख ठरली आहे, ह्यांची सुट्टी मंजूर झाली आहे, सासूबाई गावाहून येऊन राहिल्या आहेत. आणि परवा रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन ९.४, फेरिटिन ७, बी१२ १६५, व्हिटॅमिन डी ११.

ज्या दवाखान्यात ऑपरेशन आहे तिथलं म्हणणं, "गोळ्या सुरू करा, बाकी नंतर बघू." एरवी मी ऐकलं असतं. पण माझ्या मोठ्या बहिणीचं जे झालं ते डोळ्यांसमोर आहे, म्हणून ते आधी सांगते.

ताईचं बायपास दीड वर्षापूर्वी झालं, दुसऱ्या शहरात. वजन सुंदर उतरलं, ३४ किलो. डिस्चार्जच्या वेळी एक मल्टिव्हिटॅमिन आणि एक कॅल्शियमची गोळी लिहून दिली. रक्त पुन्हा कधी तपासायचं हे कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. गेल्या मे महिन्यात ती माहेरी आली. नागपूरचा मे तुम्हाला माहीतच आहे, दुपारी गच्चीवर पाय ठेववत नाही. ताई दिवसभर फ्रीजरमधला बर्फ खायची. ट्रे काढायचा, उलटा करून ओट्यावर आपटायचा आणि वाटीत घेऊन कडाकडा चावायचा. रात्री दोन वाजतासुद्धा मला तो आवाज यायचा. मी टोकलं तर आई म्हणाली, "खाऊ दे तिले, ऊन काय कमी हाय का?" मलाही ते पटलं. जून संपला, पाऊस लागला, तरी ट्रे रिकामेच. त्यात जिना चढताना धाप लागायची, केसांचे पुंजके निघायचे. केस गळणं वजन उतरल्यामुळे असेल असं धरून चाललो, आणि ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ते होतंही. पण तिला वर्ष उलटून गेलं होतं.

शेवटी धंतोलीतल्या एका फिजिशियनबाईंनी नखं बघितली. चमच्यासारखी खोलगट झाली होती. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "बर्फ खाता का हो?" मी खुर्चीत बसल्या बसल्या शहारले. लोह संपलं की बर्फ, माती, कच्चे तांदूळ असलं खावंसं वाटतं, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. हिमोग्लोबिन ७.१ निघालं. शिरेतून आयर्न दिलं आणि आठवड्याच्या आत बर्फ सुटला. अजून हिमोग्लोबिन पुरतं वर आलंही नव्हतं, तरी सुटला.

बाईंनी तेव्हा कागदावर चित्र काढून समजावलं. बायपासमध्ये अन्न लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वळसा घालून पुढे जातं, आणि लोह मुख्यतः तिथंच शोषलं जातं. जठराची पिशवी छोटी झाल्यामुळे आम्लही कमी पडतं. बी१२ ला जठरातून येणारं एक प्रथिन लागतं, तेही कमी होतं. वर ताई कॅल्शियम आणि मल्टिव्हिटॅमिन दोन्ही सकाळच्या चहासोबत गिळायची. कॅल्शियम लोहाला अडवतं आणि चहाही अडवतो. म्हणजे जे थोडं पोटात जात होतं तेही वाया.

आता माझं. माझं आतडं अजून जागच्या जागी आहे आणि तरी फेरिटिन ७. ज्या वाटेनं लोह शरीरात जातं ती वाट वीस दिवसांनी मी स्वतःहून बंद करणार. मग भरायचं ते आत्ताच नको का? गोळ्यांनी तीन आठवड्यांत काय भरणार? शिरेतून आयर्न घेऊन तारीख महिना-दीड महिना पुढे न्यावी असं मन सांगतं. घरात मात्र सगळ्यांना वाटतं की मी घाबरले आहे आणि निमित्त शोधते आहे. तसं नाही हो. ऑपरेशन मला हवंच आहे.

आपल्या विदर्भात सिकलसेलचं प्रमाण जास्त, म्हणून त्यासाठीची रक्ततपासणी, एचपीएलसी, करून घेतली, ती नॉर्मल आहे. पाळी गेल्या दोन वर्षांपासून जास्त जाते. शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू आहे आणि जळजळीसाठी रोज अनशापोटी ॲसिडची गोळी. शाकाहारी आहे. अंडं खायची तयारी आहे.

कुणी ऑपरेशनच्या आधी शिरेतून आयर्न घेतलं आहे का? किती थांबलात? आणि नंतर गोळ्यांची वेळ कशी बसवता? माझी शाळा सकाळी सातची आहे.

प्रतिसाद १

ताई, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाही. तुम्ही घाबरलेल्या नाहीत, बरोबर विचार करताय. वजन जास्त असलं की शरीरात एक बारीक सूज कायम असते, त्यामुळे फेरिटिन असतं त्याहून जास्त दिसतं. तरीही तुमचं ७ आलंय, म्हणजे साठा संपलेलाच समजा. इतर कुणी वाचत असाल तर एकटं फेरिटिन बघून निश्चिंत होऊ नका, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातून किती लोह वाहून नेलं जातंय ते दाखवणारी तपासणीही करा. लोह कमी असताना एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, थोडं खोटं वाढलेलं येऊ शकतं, हेही डॉक्टरांच्या कानावर घाला. मेटफॉर्मिन आणि ॲसिडची गोळी दोन्हींनी बी१२ उतरतं, तुमच्या १६५ चं मूळ बहुधा तिथं आहे. गोळ्या स्वतःहून बंद करू नका मात्र.

आणि पाळीचं आधी बघा. सोनोग्राफी झाली का? टाकीला गळती असेल तर वरून किती ओतणार?

प्रतिसाद २

मी अमरावतीचा, पाच वर्षांपूर्वी बायपास. माझं हिमोग्लोबिन १० होतं. सर्जननी स्वतःच तारीख पाच आठवडे पुढे नेली, शिरेतून आयर्न दिलं, १२ च्या वर गेल्यावरच टेबलवर घेतलं. त्या पाच आठवड्यांचा आज पश्चात्ताप नाही.

वेळेचं माझं असं बसलंय: लोहाची गोळी रात्री झोपताना, सोबत अर्धं लिंबू किंवा हंगामात संत्र्याच्या चार फोडी. कॅल्शियम दुपारी आणि संध्याकाळी, दोन वेळा विभागून, लोहापासून किमान दोन तास लांब. कॅल्शियम सायट्रेटच मागा. कार्बोनेटला आम्ल लागतं, ते आपल्याकडे उरत नाही. चहा गोळीनंतर दोन तासांनी. बी१२ चं इंजेक्शन महिन्याला. रक्त पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, आता वर्षातून एकदा, आणि हे जन्मभर.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. ऑपरेशननंतर उलट्या थांबत नसतील तर गल्लीतल्या दवाखान्यात नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून घेऊ नका. आधी थायमिन, म्हणजे बी१, द्यायला सांगा. ते नसताना ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते. माझ्या पाकिटात चिठ्ठी आहे: "बायपास झालेला रुग्ण, सलाईनआधी थायमिन."

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल ह्यांना शेजारी बसवून दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. चिठ्ठीपाशी आल्यावर ते म्हणाले, पुन्हा वाच.

आज सर्जनना भेटलो. मी सरळ विचारलं, "माझं लोह आत्ता भरलं नाही तर नंतर कुठून भरणार?" त्यांनी रिपोर्ट पुन्हा बघितले आणि तारीख सहा आठवडे पुढे नेली. शिरेतलं आयर्न गुरुवारी, बी१२ ची इंजेक्शनं आजपासून, डी३ आठवड्याला एकदा. सोनोग्राफीत फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली गाठ, निघालं आहे, त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे सोमवारी जाते.

सासूबाईंना कसं सांगावं हा घोर होता. त्या म्हणाल्या, "मग तोवर मी इथंच राहते," आणि अहळीव निवडायला बसल्या.

अमरावतीच्या दादा, लोहाची गोळी रात्री घेतल्यावर मळमळ होत नाही का? ताईला फार होते, म्हणून ती मधूनमधून चुकवते. तिच्यासाठी विचारते आहे.