प्रति: जागा पुरेल, पण फाइल उघडेल का?

दिवसभर सलग व्हिडिओ रेकॉर्ड करण्यासाठी दिलेला ‘१ टीबीचं (साधारण १००० जीबीचं) कार्ड टाका, दिवसभराची चिंता मिटली’ हा सल्ला जागेपुरता बरोबर आहे. ५० मेगाबिट प्रति सेकंद या दराने तासाला साधारण २२.५ जीबी लागतात, म्हणजे दहा तासांना २२५. पण रेकॉर्डिंग मधेच तुटलं तर काय, हे कुणीच विचारलेलं नाही. साध्या एमपी४ फाइलची अनुक्रमणिका (फाइलमध्ये काय कुठे आहे याची नोंद) रेकॉर्डिंग थांबवल्यावर शेवटी लिहिली जाते. नवव्या तासाला वीज गेली, तर आधीचं सगळं कार्डावर असूनही फाइल उघडत नाही. दुरुस्तीची सॉफ्टवेअर आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नये.

संगणकावर ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर एमपी४ऐवजी एमकेव्ही या फाइल प्रकारातच रेकॉर्ड करा. वीज गेली तरी तोवरचा भाग शाबूत राहतो. नंतर तिथेच रीमक्स करून (म्हणजे व्हिडिओ तोच ठेवून फक्त फाइलचा प्रकार बदलून) एमपी४ मिळतं, दर्जाही घटत नाही. कॅमेऱ्यात सोय असेल तर फाइलचे छोटे तुकडे पाडा. आणि डमी बॅटरी (बॅटरीच्या जागी बसवून वायरने कॅमेऱ्याला वीज देणारा भाग) लावली असेल तर तिची वायर ट्रायपॉडच्या पायाला चिकटपट्टीने घट्ट बांधाच. यूपीएस कितीही चांगला असो, पाय अडकून पिन निसटली की त्याचा काही उपयोग नाही.