सहावीतलं भांडण : ‘सॉरी’ म्हणवून घेतलं, पण मिटलं नाही

रावपुऱ्याची बाई

मी वडोदऱ्यात एका शाळेत सहावीला शिकवते. वर्गात मराठी घरची सात-आठ मुलं, बाकी गुजराती, थोडी हिंदी बोलणारी. भांडणं होतातच, त्याचं मी फार मनावर घेत नाही. पण हे एक प्रकरण डोक्यातून जात नाहीये.

दोन मुलं आहेत. पहिलीपासून एका बाकावर बसणारी, एकमेकांच्या घरी जेवणारी. नावं लिहीत नाही; एकाला पतंगवाला म्हणते, दुसऱ्याला फिरकीवाला. उत्तरायणाला दोघं दांडिया बाजारातल्या एकाच धाब्यावर होते. (आमच्याकडे धाबं म्हणजे गच्ची, बाहेरच्यांनी ढाबा समजू नये.) वासी उत्तरायणाला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, १५ जानेवारीला, पेच लागलेला असताना फिरकीवाल्याने ढील द्यायला उशीर केला आणि पतंग कापला गेला. एवढंच. शाळा उघडल्यावर पाण्याच्या टाकीपाशी मारामारी झाली, आणि नवल म्हणजे पहिली बुक्की फिरकीवाल्याने मारली. पतंग ज्याचा गेला त्याने नाही! पतंगवाल्याचा ओठ फाटला, शर्टावर रक्त.

मी दोघांना स्टाफरूमबाहेर उभं केलं. “सॉरी म्हणा, हात मिळवा.” खाली मान घालून दोघांनी ते उरकलं. मला वाटलं, मिटलं. चौथ्या दिवशी पतंगवाल्याच्या नव्या दफ्तरावर कर्कटकाने ओढलेले लांबच लांब ओरखडे.

पालकांना बोलवा असं शाळेचं म्हणणं आहे. मी आठवड्याची मुदत मागून घेतलीय. मारण्याचा प्रश्नच नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमात शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, आणि ती नसती तरी माझा हात उठला नसता. काल वर्गात मी म्हणाले, “तुम्ही असे भांडता, टीचरला रात्री झोप लागत नाही.” वर्ग चिडीचूप. दोघं रडले. आणि रडून झाल्यावर वेगवेगळ्या बाकांवर जाऊन बसले.

मुलांना भांडण मिटवायला शिकवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? कुणी केलं असेल तर सांगा.

अलकापुरीचा बाबा

दोघांचे वर्ग वेगळे करा. माझ्या मुलाच्या बाबतीत तेच केलं, वर्षभरात विसरला.

रावपुऱ्याची बाई

विसरेलही. पण मला भीती वाटते की तो मित्रालाही विसरेल.

नकाशेवाल्या बाई

मी कारेलीबागेत राहते, ३१ वर्षं प्राथमिकला शिकवलं, आता निवृत्त आहे. तुमचं वाचून माझी पहिली दहा वर्षं आठवली. मीही सॉरी म्हणायला लावायची. नंतर कळलं की त्या सॉरीने माझा तास सुरू व्हायचा, त्यांचं भांडण जिथल्या तिथे राहायचं.

पहिली गोष्ट, त्याच दिवशी बोलवू नका. छाती धपापत असते, कान बंद असतात. दुसऱ्या दिवशी बोलवा आणि समोरासमोर उभं करू नका. मी दोघांना भिंतीवरचे नकाशे काढून गुंडाळायला बसवायची. नकाशा एकट्याने नीट गुंडाळला जात नाही, दुसरं टोक कुणीतरी धरावं लागतं. हात कामात असले की तोंड आपोआप उघडतं.

मग एकाने बोलायचं, दुसऱ्याने मधे तोंड घालायचं नाही. त्याचं झालं की दुसऱ्याने तेच परत सांगायचं, आपल्या शब्दांत, पहिला “हो, हेच” म्हणेपर्यंत. सांगताना “पण” आला की थांबवायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. हे सोपं वाटतं, पण अकरा वर्षांच्या मुलाला दुसऱ्याचं दुखणं आपल्या तोंडाने सांगताना घाम फुटतो. मग बाजू बदलायची.

“का केलंस?” हे विचारू नका. का म्हटलं की मूल वकील होतं. “काय झालं?” विचारा, “तेव्हा तुला काय झालं?” विचारा, आणि शेवटी “आता काय केलं म्हणजे तुला बरं वाटेल?” या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही देऊ नका. फार मोह होतो.

आणि एक. ते गुजरातीत भांडले असतील तर गुजरातीतच बोलू द्या. भांडण एका भाषेत आणि माफी इंग्रजीत, असं आपण किती वर्षं चालवतोय!

समुपदेशक, शाळा

नकाशेवाल्या बाईंशी पूर्ण सहमत, एक सावधगिरी मात्र सांगते. दोघं बरोबरीचे असतील तरच समोर बसवा. एक जण रोज छळतोय आणि दुसरा सोसतोय, असं असेल तर ते भांडण नाही, ती दादागिरी. तिथे “दोघंही थोडं थोडं चुकलात” म्हणणं म्हणजे सोसणाऱ्यावर दुसऱ्यांदा अन्याय. म्हणून आधी दोघांना वेगवेगळं भेटा. फिरकीवाल्याने आधी हात का उचलला हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

‘तू असाच आहेस’ ऐवजी ‘मी’पासून बोलायला शिकवावं, हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस गॉर्डन यांचा विचार प्रशिक्षणांत सांगतात. मराठीत ते वेगळं घोकून घ्यायची गरज नाही. मला राग आला, मला वाईट वाटलं, मला लाज वाटली. आपल्याकडे भावनेचं वाक्य ‘मला’नेच सुरू होतं. मुलांना फक्त त्या वाक्यापर्यंत पोचायला वेळ द्या.

इतिहासाचा मास्तर

मी वर्गात अहमदाबादचा १९१८चा गिरणी संप घेतो. मुलांना तो लगेच कळतो, कारण त्यात घरातलं भांडण आहे: गिरणीमालकांच्या बाजूला अंबालाल साराभाई, मजुरांच्या बाजूला त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन. प्लेगच्या काळात मिळणारा बोनस बंद झाला, मजुरांनी ५० टक्के वाढ मागितली, मालक २० वर अडले. गांधीजींनी आकडे तपासून ३५ सुचवले, आणि त्याहून कमीवर कामावर जायचं नाही अशी मजुरांनी शपथ घेतली. मी निम्मा वर्ग मालक करतो, निम्मा मजूर, आणि रंगात आले की बाजू बदलायला लावतो. मग तडजोडीचा आकडा त्यांना शोधू देतो. खरा तोडगा असा होता: कामावर आल्यावर पहिल्या दिवशी ३५, म्हणजे मजुरांचा शब्द राहिला, दुसऱ्या दिवशी २०, म्हणजे मालकांचा राहिला, तिसऱ्या दिवसापासून पंचाचा निकाल येईपर्यंत साडेसत्तावीस. पंच आनंदशंकर ध्रुव यांनी पुढे ३५ दिले.

बाई, तुमच्यासाठी यातली दुसरी गोष्ट. मजुरांचा धीर सुटायला लागला तेव्हा गांधीजी उपोषणाला बसले, आणि तीन दिवसांत समेट झाला. पण या उपोषणात दोष होता हे त्यांनी स्वतःच पुढे कबूल केलं. ते मजुरांसाठी होतं, पण मालक त्यांचे स्नेही, त्यामुळे दडपण मालकांवर आलं. प्रेमाचं झालं तरी ते दडपणच. तुमचं “टीचरला झोप लागत नाही” वाचून मला हे आठवलं. राग मानू नका.

रावपुऱ्याची बाई

राग कसला. वाचून थोडा वेळ गप्प बसले होते. खरंच आहे, माझी झोप हा त्यांचा प्रश्न नव्हे.

काय झालं ते लिहिते. आधी वेगवेगळं भेटले. फिरकीवाला बराच वेळ काही बोलेना, नखाने बाकाची कड खरवडत राहिला. मग म्हणाला, “टीचर, सगळे मला लपेट म्हणतात.” इकडे कुणाचा पतंग कापला की धाब्याधाब्यांवरून “लपेट, लपेट” ओरडतात. पतंगवाल्याने शाळेत येऊन कापाकापीची गोष्ट रंगवून सांगितली आणि त्या दिवसापासून या मुलाचं नावच लपेट पडलं. हजेरीत त्याचं नाव आलं की मागून कुणीतरी हळूच म्हणायचं. मी रोज हजेरी घेते. मला ऐकू आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघांना नकाशे दिले, गुजरातचा आणि भारताचा. पतंगवाल्याला फिरकीवाल्याचं सांगणं परत सांगायला तीन वेळा लागले. दोनदा “पण” आला. तिसऱ्यांदा तो म्हणाला, “तने एम लाग्युं के हुं पण ए लोको साथे छुं.” तुला वाटलं की मीही त्यांच्यातलाच. फिरकीवाल्याने नकाशा सोडला, तो सुळकन उलगडून खाली गेला, आणि त्याने नुसती मान हलवली.

बरं कशाने वाटेल, हे त्यांनीच ठरवलं. पतंगवाला वर्गाला स्वतः सांगणार की ढील मीच उशिरा मागितली होती, जे खरं आहे असं तो म्हणतो. आणि सुट्टी लागेपर्यंत दफ्तरांची अदलाबदल. ओरखड्यांचं दफ्तर आता फिरकीवाल्याच्या पाठीवर आहे. दोन्ही घरी फोन करून मी हे कळवलं.

बाक अजून वेगळेच आहेत. ते मी विचारलेलं नाही.