पन्नाचा हिरा: फावड्याने की यंत्राने?

गारगोटी: मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यातल्या उथळ हिरेखाणी आता बंद कराव्यात, असं माझं स्पष्ट मत. सरकारी हिरा कार्यालयाकडून वर्षाला 200 रुपयांत 8 बाय 8 मीटरचा जमिनीचा तुकडा पट्ट्याने, म्हणजे भाडेकराराने मिळतो. कुदळ-फावड्याने माती उपसायची. खाली खडीचा थर लागतो, तिकडे त्याला 'चाल' म्हणतात. ती पाण्यात तुडवून धुवायची, वाळवायची आणि उन्हात बसून हाताने निवडायची. महिनोन्महिने नुसत्या गारगोट्या. एखाद्याला घबाड लागतं, त्याची बातमी होते, बाकीचे कर्जात. हे खाणकाम की मटका?

रानवाटा: मग यंत्राचं काय ते पण बघा. तिथेच माझगवांला एनएमडीसी या सरकारी कंपनीची खाण आहे, देशातली एकमेव यांत्रिक हिरेखाण. सुरुंगाने खडक फोडायचा, भरडायचा, फेरोसिलिकॉनची पूड कालवलेल्या जड द्रवात हलका माल वर तरंगवून काढून टाकायचा, मग एक्स-रेखाली चमकणारा खडा यंत्र टिपतं. एवढा खटाटोप करून 100 टनांमागे साधारण 10 कॅरेट. म्हणजे 2 ग्रॅम! बाकी सगळा भुगा. आणि खाण कुठे, तर वाघांच्या गंगऊ अभयारण्यात. 2020 अखेर परवानगी संपली तेव्हा ती बंदच पडली होती.

गारगोटी: तिथे निदान हिशेब तरी लागतो. उथळ खाणीतला हिरा कार्यालयात जमा करायचा, लिलावानंतर सुमारे 12 टक्के कापून पैसे मिळणार, तेही कधी तरी. लोक परस्पर विकतात ते काय उगाच?

सुरती_मराठी: मग पैसे लवकर द्या की! खाण कशाला बंद? शिवाय दोन्हीकडचा माल वेगळा आहे. माझगवांचा हिरा मूळ खडकात अडकलेला, भरडल्याशिवाय सुटत नाही. चाल ओढ्यानाल्यांनी वाहून आणलेली, पातळ, विखुरलेली. तिथे अवजड यंत्र आणणाऱ्याचं डिझेलही सुटणार नाही.

रानवाटा: शेजारच्या बक्सवाहाचा हिरेखाण प्रकल्प विसरलात? रिओ टिंटो ही परदेशी खाण कंपनी 2017 मध्ये सोडून गेली, पुढे खाण बिर्लांकडे आली आणि 2 लाखांवर झाडं तोडायचा घाट घातला गेला. फावड्याने एवढं जंगल कधी गेलंय?

गारगोटी: झाडं मोजलीत, मजूर कोण मोजणार? बऱ्याच ठिकाणी पट्टा एकाच्या नावावर, खड्ड्यात उतरणारा दुसराच, रोजंदारीवर. हिरा लागला तर त्याला काय मिळणार, ते मालकाच्या मर्जीवर.

सुरती_मराठी: मजुरांच्या सोसायट्या करा, पट्टे त्यांच्या नावावर द्या.

गारगोटी: सोसायट्या? साखर कारखान्यांचं पाहिलं ना आपण!